सोळावं मत

माझी आई चौतीस वर्षं बसच्या सीटा शिवत होती. डेपोच्या अगदी मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या ढिगापलीकडे एक लांबट खोली होती. फाटलेल्या सीटा तिथे यायच्या. आई जुनं रेक्झिन उसवायची, दबलेला फोम काढून नवा भरायची आणि दाभणाने कव्हर ताणून शिवायची. ती लागली तेव्हा त्या खोलीत एकटीच बाई होती. पहिल्या दिवशी पुरुषांनी गंमत म्हणून तिच्यापुढे सगळ्यात जाड रेक्झिन टाकलं. तिने ते संध्याकाळपर्यंत शिवून दिलं आणि उद्या याहून जाड काही मिळेल का म्हणून विचारलं. ही गोष्ट ती स्वतःच सांगते, तेव्हा थोडा मीठमसाला धरून चला.

त्याच खोलीत ती पक्षात आली. पक्ष तसा मूठभर माणसांचा. पाटीवर लोकशाही समाजवाद असं लिहिलेलं, आणि कार्यालय म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. आमच्या घरात या दोन शब्दांवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी माझ्या मोडलेल्या लग्नावरून झाली नाहीत.

भांडायच्या त्या आई आणि माझी मुलगी. मुलीला घरात सगळे वकीलीण म्हणतात. कायद्याशी तिचा काही संबंध नाही, ती मोटरसायकलवरून पार्सलं पोचवते; पण धरलेला मुद्दा सोडेल तर शपथ. आईचं म्हणणं सरळ होतं. बस, पाणी, दवाखाना या गोष्टी सगळ्यांच्या मालकीच्या हव्यात, आणि त्या चालवणारा नालायक निघाला तर त्याला मत देऊन घरी बसवता आलं पाहिजे. त्यातलं एक असून भागत नाही, दोन्ही लागतं. यावर वकीलीण म्हणायची, "आजी, बस सगळ्यांची आहे ना? मग लोक ब्लेडने सीटा का फाडतात?"

आईच्या वर्मी लागायचं. चौतीस वर्षं तिने तीच ब्लेडची भोकं बुजवली होती. लोकांना अक्कल नाही, ती पुटपुटायची. वकीलीण म्हणायची की अक्कल आहे, पण बस किती वाजता सुटावी, कुठे थांबावी, हे त्यांना कधी कुणी विचारलंय का? पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावली की मालकी झाली? तिच्या कंपनीत तर तेवढंही नव्हतं. फोनच सांगायचा कुठे जा आणि किती मिनिटांत जा. एकदा असं भांडण झाल्यावर आई दुसऱ्या सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पोरगी बरोबर बोलते. आम्ही मालकी मागितली, विचारणं मागायचं विसरलो." साठी उलटलेली बाई स्वतःची चूक अशी कबूल करते, हे मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही.

मी या दोघींच्या मधली. तपासणी केंद्रात लोकांच्या हातातून रक्त काढते, दिवसभर माणसांना घाबरू नका म्हणते. मला एकच प्रश्न पडायचा, की हे सगळं ठीक, पण निवडून कोण येणार?

त्या वर्षी डेपो ठेकेदाराला द्यायचं घाटत होतं. निवडणूक तोंडावर आली आणि आमच्या वॉर्डात पहिल्यांदाच पक्षाला आशा वाटू लागली. उमेदवारीसाठी दोन नावं पुढे आली. एक युनियनचा सेक्रेटरी. त्याने तीन संप चालवले होते, भाषणाला उभा राहिला की रस्त्यावरची माणसं थांबायची. आईला तो ताई म्हणायचा आणि आमच्याकडे आला की डबे उघडून हवं ते खायचा. दुसरं नाव आईचं. ते वकीलिणीने सुचवलं. आईने आधी तिला वेड्यात काढलं, आणि मग आठ दिवस घरोघर जाऊन सभासदांना भेटत सुटली. माझ्या लक्षात आलं, हिला हे केव्हापासून हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पत्रकं वाटली, सतरंज्या घातल्या, आणि एकदा, एकदाच, स्वतः उभं राहावं असं तिला मनापासून वाटत होतं.

आमच्या शाखेत उमेदवार निवडायची एक जुनी रीत आहे. ज्यांची नावं आली ती माणसं भिंतीकडे तोंड करून खुर्च्यांवर बसतात आणि सभासद आपापल्या माणसाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहतात. खुर्चीवरच्याने मागे वळून बघायचं नाही. मोजणी झाली की सगळ्यांनी जागेवर जायचं, आणि कोण कुठे उभं होतं हे त्या दोघांना कधीही सांगायचं नाही. मत उघड असावं पण मैत्री तुटू नये, म्हणून कुण्या शहाण्याने हे काढलेलं. पक्षात सगळं फुटलं असेल, पण हा नियम कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी माझ्या केंद्रावर आला. रक्तातली साखर तपासायची म्हणाला. मी सुई लावत असताना हळूच बोलू लागला. ताईंना मी सख्ख्या बहिणीसारखं मानतो, म्हणून तुला सांगतो, त्या पडतील. त्यांना कोण ओळखतं? डेपो वाचवायचा असेल तर निवडून येणारा माणूस हवा. आणि ताईंना या वयात तोंडघशी पाडायचं नसेल, तर तूच विचार कर. हा शेवटचा मुद्दा त्याने बरोबर नेम धरून मारला. आईचा पराभव मला बघवला नसता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघं भिंतीकडे तोंड करून बसली. आईने ठेवणीतली साडी नेसली होती, मानेमागे एक बट सुटली होती. लोक उठले. वकीलीण ताडताड चालत आजीच्या मागे गेली. तिकीट-मावशी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ही डेपोच्या तिकीट खिडकीवर बसायची, आईची चाळीस वर्षांची मैत्रीण. मी भिंतीच्या कडेकडेने गेले आणि सेक्रेटरीच्या मागे शेवटची उभी राहिले. सगळ्या खोलीने बघितलं. मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर खाली घातली ती वर केलीच नाही.

म्हाताऱ्या कंपाउंडर आजोबांनी खांद्याला हात लावत लावत मोजलं आणि आकडा सांगितला. सेक्रेटरी सोळा, ताई पंधरा.

आईने उठून सेक्रेटरीचं अभिनंदन केलं. हसून केलं. तो तिच्या पाया पडला आणि म्हणाला, डेपोची एक वीट हलू देणार नाही. घरी आल्यावर तिने साडीची घडी घातली आणि कॉटवर बसून बोटांवर मोजू लागली. सोळा जणांनी तिला शब्द दिला होता. एक कोण फुटलं? तिने एकेक नाव घेतलं आणि सोडलं. माझं नाव तिने घेतलंच नाही. मी समोर बसून भाजी निवडत होते, आणि तिने आपल्या लेकीवर एक बोटसुद्धा खर्च केलं नाही.

शेवटी बोट थांबलं ते तिकीट-मावशीवर. मावशीच्या पेन्शनचे अडकलेले कागद सेक्रेटरीने सोडवून दिले होते. "उपकार फेडले तिने," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने मावशीशी बोलणं टाकलं. मावशी खालच्या मजल्यावर राहायची. रोज चार वाजता दोघी एकमेकींकडे चहाला बसायच्या, ते बंद झालं. आई चार वाजता भांडी घासायला काढायची, स्वच्छ असली तरी. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. नियम आहे, मी मनाशी म्हणायचे. इतका सोयीचा नियम मला आयुष्यात दुसरा मिळाला नाही. वकीलीणही नियमाला बांधलेली. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची आणि ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जायची.

आणि मग सेक्रेटरीने केसाने गळा कापला. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात, त्याने जाऊन अर्ज मागे घेतला. कुणाला विचारलं नाही, बैठक नाही, काही नाही. संध्याकाळी तो ठेकेदाराच्या बाजूच्या पक्षाबरोबर फोटोत हसत उभा. त्याला वाहतूक समितीवर जागा कबूल झाली होती. आमचा दुसरा अर्ज नव्हताच. मतपत्रिकेवर पक्षाचं नावच उरलं नाही. मला त्याचा संताप आला, पण त्या संतापाला तोंड नव्हतं. त्याला तिथवर पोचवलं होतं मी. एका मताने.

आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाजारातून येत होतो, आणि जिन्यात मावशी समोर आली. आई थांबली. इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ती अगदी शांतपणे बोलली.

"तुझ्या एका मताने डेपो गेला."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी हातात दोन पिशव्या घेऊन एक पायरी खाली उभी होते. माझे ओठ हललेसुद्धा नाहीत.

"असेल बाई," मावशी म्हणाली आणि कठड्याला धरून खाली गेली.

घरी आल्या आल्या वकीलिणीला आईकडून हे कळलं. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "तू सांगतेस, की मी नियम मोडू?"

मी बाहेर आले आणि आईला सांगितलं. उभ्यानेच सांगितलं. सेक्रेटरी केंद्रावर काय बोलला, मी कुठे उभी राहिले, सगळं. म्हटलं, तू पडशील म्हणून भीती वाटली. आईने आपल्या बोटांकडे पाहिलं. दाभणाने ती बोटं वाकडीच झाली आहेत.

"हिने पाहिलं होतं तुला?" तिने जमिनीकडे, खालच्या मजल्याकडे बोट दाखवून विचारलं.

"सगळ्यांनी पाहिलं होतं."

"तू त्याच्या मागे गेलीस, ते तुझं मत," आई म्हणाली. "मला सोडून गेलीस म्हणून मी रडेन, पण रागावणार नाही. त्या हक्कासाठीच जन्म घालवला मी. पण ती महिनाभर माझं वाकडं तोंड बघत होती, आणि तू रोज ते बघत होतीस. ते मत नव्हतं."

ती चपला घालून खाली गेली. अंधार पडेपर्यंत आली नाही. आल्यावर डोळे सुजलेले होते. मावशी काय म्हणाली, मी विचारलं. ते आमच्या दोघींतलं आहे, ती म्हणाली, आणि पाणी प्यायली.

त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली असं मी म्हणणार नाही. माझं दुखलंखुपलं विचारायची, डबा भरून द्यायची. फक्त ती आणि वकीलीण वाद घालत बसल्या असल्या आणि मी आत गेले, की दोघी थांबायच्या. मग आई विचारायची, बाहेर ऊन फार आहे का गं? माझ्या स्वतःच्या घरात मी पाहुणी झाले होते.

मतदानाला आम्ही तिघी बरोबर गेलो. रांगेत मावशीही होती, आईने तिला हात धरून पुढे घेतलं. आमचा उमेदवार नाही, तरी जायचं, असं आईने ठरवलं होतं. ती आत जाऊन आली. तोवरच्या प्रत्येक निवडणुकीत ती बाहेर येताच रस्ताभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात आपण कुणाला मत दिलं ते सांगायची, मी शरमेने तिला गप्प करायचे. या वेळी ती काहीच बोलेना. मीच विचारलं, "आई, कुणाला दिलंस?"

"ते गुप्त असतं," ती म्हणाली, आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून शाळेच्या पायऱ्या उतरू लागली.