वाटून घेतलेल्या गोळ्या

वहिनीवर मी आयुष्यात एवढा कधी ओरडलो नव्हतो. तिला मलेरियाच्या चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या होत्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, तशा उरलेल्या तिने धानाच्या बांधीत, रोवणी करताना सोबतच्या जोडीदारणीला देऊन टाकल्या. तिलाही थंडी वाजून ताप येत होता. लवकर बरं वाटावं म्हणून ती दोन-दोन घेऊ लागली, आणि तिसऱ्या दिवशी तिची लघवी काळ्या चहासारखी झाली.

"काऊन देल्ल्या तुम्ही?"

"बांधीवर भाजी वाटून खातो, चटणी वाटून खातो," वहिनी म्हणाली, "मंग गोळ्या काऊन नाही? तिले थंडीनं कापताना पाहत राहू का?"

जोडीदारणीला आम्ही गोंदियाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, काही लोकांच्या रक्ताला ही गोळी जन्मतःच सोसत नाही, तांबड्या पेशी फुटतात. आधी रक्त तपासायला हवं होतं. वहिनी तिथेच रडायला लागली. तिला काय माहीत? माहीत मला होतं, आणि माझं डोकं फिरलं ते माझ्यावरच.

नागपूरला मी मलेरियाचं नवीन औषध शोधतो, कॉम्प्युटरवर. लाखो रेणूंपैकी कोणता जंतूच्या प्रथिनात नेमका बसतो ते पाहायचं, मग एकेक चाळणी लावायची. त्यात एक चाळणी याच रक्ताची होती, अशा रक्ताला न सोसणारे रेणू गाळून टाकणारी. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "या चाळणीमुळे यादीच उरत नाही. काढून टाक, रिपोर्ट जाऊ दे." मी मुकाट्याने काढली. जेवायलासुद्धा उशीर झाला नाही त्या दिवशी.

खाटेवरून जोडीदारणीने विचारलं, "भाऊजी, तुम्ही नवी गोळी बनवून राहिले म्हणे. थे मले चालंन का?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो. नळापाशी उभा राहून सरांना, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घालत होतो.

नागपूरला परतल्या परतल्या चाळणी परत लावली. यादीत नऊ रेणू उरले. सर भडकले. "अक्कल गहाण टाकली का? अशा रक्ताचे लोक असतात तरी किती?"

"किती ते मला ठाऊक नाही, सर," मी म्हणालो. "एकीसाठी परवा मी रक्ताची बाटली देऊन आलोय."