लाल फितीतला फ्रीज आणि बारा उंदरांची आठवण

सकाळी दहापर्यंत बारा उंदरांना धडा शिकवून झाला होता आणि औषधाच्या फ्रीजला लाल फीत बांधलेली होती.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. उंदरांचे खाणेपिणे माझ्याकडे आणि वेळेची वहीही. पीएचडी करणारी सुनंदा रोज फुलंब्रीहून बसने यायची. तिचा प्रयोग सोपा. उंदीर उजेडातून अंधाऱ्या खोक्यात शिरला की पायाला हलका शॉक. उंदराला अंधार भारी आवडतो, पण दुसऱ्या दिवशी तो दारातच थबकतो. म्हणजे त्याला आठवतं.

आता गंमत ऐका. आठवण टिकायची तर मेंदूतल्या पेशींना ताजी प्रथिने बनवावी लागतात. नव्या प्लास्टरसारखंच आहे ते, सुरुवातीला सगळं ओलं. त्या वेळात प्रथिने बनू न देणारं औषध टोचलं, तर आठवण पक्की होत नाही. दुसऱ्या दिवशी उंदीर खुशाल आत शिरतो. सुनंदाच्या आधीच्या उंदरांचं तसंच झालं होतं.

म्हणजे औषध लगेच टोचायला हवं. ते होतं नव्या फ्रीजमध्ये. रिकामा फ्रीज उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांना कसा दाखवायचा, म्हणून आमच्या विभागाच्या हेडसरांनी आदल्या दिवशीच जुन्यातलं सगळं त्यात हलवायला लावलं होतं. वर फीत.

"सर, एकदाच उघडते. फीत सोडून परत बांधते."

"सोडलेली फीत साहेबांच्या पुढ्यात धरायची? काही रीतभात?"

"सर, उशीर झाला तर औषधाचा उपयोग नाही."

"उंदीर कुठे पळून चालले आहेत? साहेब वैजापूरहून निघाले आहेत."

साहेब निघाले होते, खरंच. पण वाटेत लासूर स्टेशनला त्यांच्यासाठी आणखी एक शाल तयार होती. ते पोचले साडेतीनला. शाल, नारळ, फीत, टाळ्या, फोटो. उघड्या फ्रीजमध्ये डोकावून साहेबांनी विचारलं, "यात पाणी गार व्हतं ना?"

"लई गार व्हतं साहेब!" एरवी पुस्तकी मराठी बोलणारे हेडसर म्हणाले.

चार वाजता सुनंदाने इंजेक्शनं दिली. मी वहीत वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा उंदीर दारात थबकले. एकही विसरला नाही.

"हात बिघडला तुझा," हेडसर सुनंदाला म्हणाले. फितीचा विषयच नाही.

महिनाअखेर थीसिस द्यायचा होता. कमिटीने मंजूर केलेले उंदीर संपले होते. सुनंदा पिंजऱ्यांपाशी स्टुलावर येऊन बसली. "मामा, संपलं सगळं."

मी वही तिच्यापुढे सरकवली. "तुझ्या आधीच्या उंदरांना औषध कधी दिलंस?"

"लगेच."

"आणि ह्यांना?"

"सहा तासांनी..." ती एकदम उभीच राहिली. "मामा! औषधानं आठवण जात नाही, उंदीर नुसता आजारी पडतो, असं कुणी म्हणालं तर? हेच उत्तर आहे ना! तेच औषध, तेवढाच डोस. ओली आठवण पुसते, वाळलेली नाही!"

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या मॅडम आल्या होत्या. ह्या बारा उंदरांच्या पानावर त्या थांबल्या. "सहा तासांचा विलंब मुद्दाम ठेवलात?"

"नाही मॅडम. फ्रीज उघडता आला नाही."

"का?"

"उद्घाटन व्हायचं होतं."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. "तरीही, ह्या उंदरांशिवाय तुमचा थीसिस अर्धाच राहिला असता." आणि सही केली.

चहाच्या वेळी हेडसर म्हणाले, "उशिरा द्यायला माझी हरकत नव्हतीच." वर्षभराने ते म्हणू लागले, "कल्पना माझीच." निवृत्तीच्या सत्कारात तर त्यांनी, शाल सावरत, फीत मुद्दाम बांधून घेतल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या.

ते खोटं बोलत नव्हते हो. आठवण बाहेर काढली की कधीकधी पुन्हा ओली होते आणि नव्या प्रथिनांनी पुन्हा वाळते. मधल्या वेळात तिच्यात काहीही मिसळतं. सुनंदानेच मला हे समजावलं.

म्हणून वेळ वहीत लिहावी. वहीला प्रथिने लागत नाहीत.