चकलीचे बूट

मी लीड्समध्ये हाडांचा डॉक्टर आहे आणि आमच्या कुत्रीच्या पायात बूट चढवायला मला तीन आठवडे लागले.

कुत्रीचं नाव चकली. पिल्लू असताना वेटोळं करून झोपायची म्हणून. आता ती भरभक्कम लॅब्रडॉर आहे आणि ते वेटोळं अख्ख्या सोफ्यावर मावत नाही. जानेवारीत बर्फ पडला, तो वितळावा म्हणून कौन्सिलनं फुटपाथवर मीठ पसरलं आणि चकली लंगडत घरी आली. मिठानं पंजे चिरलेले, एकातून रक्त येत होतं. व्हेटबाईंनी स्पष्ट सांगितलं, "बूट घाला, नाहीतर फिरणं बंद."

"मी बघतो," मी म्हणालो. (आमच्या घरात या दोन शब्दांची दहशत आहे.)

ऑनलाइन मागवलेले पहिले चार बूट पंजात शिरेचनात.

"अरे, माप घेतलं होतंस ना?" सुजातानं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

"घेतलं की. झोपली होती तेव्हा."

"उभं राहिल्यावर पंजा पसरतो. पेशंटचंही असंच घेतोस?"

मग चकलीला कागदावर उभं करून मी तिचा पुढचा पंजा पेन्सिलीनं गिरवला. दुसरे बूट आले. पुढचे दोन छान बसले, मागचे दोन चालता चालता गळून पडले. कारण मागचे पंजे लहान असतात. हाडांमध्ये उभी हयात घालवून मला हे ठाऊक नव्हतं.

"माझा अभ्यास दोन पायांपुरता आहे," मी म्हणालो. सुजातानं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, हे जास्त लागलं.

तिसऱ्या खेपेला पुढची-मागची वेगळी मापं, रबरी तळ, वेल्क्रोचे पट्टे. चारही बूट चढले आणि चकलीचा पुतळा झाला. पाच मिनिटांनी तिनं एक पाय उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून तसाच धरून ठेवला. शेजारच्या मार्गारेटबाई कुंपणावरून बघत होत्या.

"तिला ते आवडलेले दिसत नाहीत," त्या म्हणाल्या.

"आवडतील," मी म्हणालो.

आता माघार नव्हती. रोज सकाळी एक बूट, एक चीजचा तुकडा. दुसरा बूट, दुसरा तुकडा. दहाव्या दिवशी चकली अख्ख्या पार्कला फेरी मारून आली. लंगडणं नाही, रक्त नाही. माझे डोळे भरून आले. (उरलेलं चीज मी खाल्लं.)

मार्चमध्ये बर्फ गेला, मीठ गेलं, पंजांच्या चिरा भरल्या. मी बूट कपाटात ठेवले. चकली दारात बसली ती हलेचना. मी पट्टा ओढला, सुजातानं लाडीगोडी लावली. शेवटी चकलीनं शांतपणे उजवा पंजा माझ्यापुढे धरला.

आता जून उजाडला आहे. लोक चपला घालून हिंडतायत आणि मी रोज कामावर जाण्याआधी पायरीवर गुडघे टेकून चार बूट चढवतो आहे.

परवा मार्गारेटबाईंनी सुजाताला हळूच विचारलं, "तुझा नवरा रोज सकाळी कुत्रीच्या पाया पडतो, ते तुमच्या धर्मात असतं का?"

"नाही हो," सुजाता म्हणाली. "त्याचा वैयक्तिक नवस आहे."

तेव्हापासून मार्गारेटबाई मला पाहिलं की आदरानं मान झुकवतात. माझी आधीपासून झुकलेलीच असते.