मुलीच्या वहीतल्या माझ्या चुका

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. माझी मुलगी पाचवी ते आठवी शाळेत ज्या वह्या जमा करायची, त्यातल्या बहुतेक मी लिहिल्या आहेत. तिच्या अक्षरात, मुद्दाम चुका करून.

मुलगी ढ नव्हती. गावी करमाडला आमच्या शेतावर कुणी सांगितलेली गोष्ट ती घरी येऊन शब्दाला शब्द सांगायची. पण कागद समोर आला की अडायची. भाकरीची माकरी व्हायची, घराचं धर. पाचवीत वर्गशिक्षिकेनं मला बोलावलं. म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात हिची तपासणी करून घ्या, दाखला मिळाला तर तिला शाळेत मदत देता येईल.

मी "करतो" म्हणालो, आणि मुकुंदवाडीला घरी पोचेपर्यंत करायचं नाही असं ठरवूनही टाकलं. मी कचेरीत आवक-जावक सांभाळणारा माणूस. एकदा नोंद झालेला कागद कुठं कुठं फिरतो, हे मला ठाऊक. हा कागद भावकीत फिरणार, आणि पुढं सोयरीक जमवताना कुणीतरी विचारणार, "पोरीत काही कमी आहे म्हणं?" मुलगी दहा वर्षांची होती आणि मी तिच्या लग्नाच्या बैठकीत जाऊन बसलो होतो.

मग रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की तिची वही मी घ्यायचो. बायकोला वाटायचं, बाप अभ्यास घेतोय. मी लिहायचो, आणि शंका येऊ नये म्हणून दर दोन ओळींनी एक चूक पेरायचो. 'पाणी'ला पहिली वेलांटी, 'ऊन'ला पहिला उ. त्या चुकांचा मला थोडा अभिमानही होता, हे आता कबूल करतो. मुलगी शेजारी बसून बघायची. एकदा म्हणाली, "बाबा, अक्षरांवरची तुमची रेघ लई सरळ येते. जरा वाकडी काढा की."

मी हसलो होतो.

नववी सुरू झाली आणि ती आईला म्हणाली, मला दहावीला बसायचं नाही. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते, वह्यांवर भागलं; बोर्डाच्या परीक्षेत वही चालत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. चार वर्षं पेन माझ्या हातात होतं. तिचा हात मीच बंद करून ठेवला होता.

त्याच आठवड्यात शाळेचा निरोप आला. शाळेत विशेष शिक्षिका म्हणून नव्या बाई यायला लागल्या होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मुलगी आणि मी त्यांच्यासमोर बसलो. टेबलावर तिची आठवीतली भरलेली वही आणि तिचा जवळपास कोरा पेपर, शेजारी शेजारी.

"दादा, एक काम करा. दोन ओळी लिहून दाखवा."

"काय लिहू?"

"काहीही. सकाळी काय खाल्लं ते लिहा."

मी लिहिलं, ज्वारीची भाकरी आणि पिठलं. सवयीनं प्रत्येक शब्दावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढली. बाईंनी तो कागद वहीशेजारी ठेवला.

"ही तर अक्षरांवर रेघ देतच नाही," त्या म्हणाल्या. "आणि चुका बघा. वहीत वेलांट्या चुकल्यात, पण भ चा म एकदाही झालेला नाही. पेपरात तो प्रत्येक ओळीत झालाय. ज्याला नीट लिहिता येतं ना दादा, त्याच्या चुका अशा असतात."

मुलगी हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं रेघेचं."

मी म्हणालो, "व्हय. मीच लिहिलंय. पाचवीपासून सगळं."

मला वाटलं होतं, आता बाई बोलतील, मुख्याध्यापकांना बोलावतील. त्यांनी फक्त वही मिटली. "चार वर्षं तुम्ही पाचवी ते आठवी केली. आता तिला नववी करू द्या." मुलगी फिसकन हसली. मलाही हसू आलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती, तिचे हात थांबले. "एवढंच व्हतं? मग पोरीला चार वर्षं गप का बसवलं?"

दवाखान्यात खेटे झाले, तपासण्या झाल्या, दाखला मिळाला. तिथल्या जिन्यातच उभा राहून मी तो दोनदा वाचला. त्यात अध्ययन अक्षमता लिहिलं होतं. बुद्धी चांगली आहे, असंही लिहिलं होतं. ज्या कागदाला मी एवढा भ्यालो, त्यात माझ्या मुलीविषयी माझ्या मनातल्यापेक्षा बरं लिहिलेलं होतं.

बाई तिला ताटातल्या रव्यावर बोटानं अक्षरं गिरवायला लावतात. भ ची गाठ बोटाला कळली की मग कागद. वर्गात धडा आता कुणीतरी वाचून दाखवतं आणि ती तोंडी उत्तरं देते. सहामाहीला तिला जास्तीचा वेळ मिळाला आणि लेखनिक म्हणून खालच्या वर्गातली एक मुलगी. ही सांगत गेली, ती लिहीत गेली. पेपर संपवून बाहेर आली ती त्या मुलीला चिडवत, "माझी उत्तरं लई मोठी, तुझा हात दुखला ना?"

परवा शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीशी उभं राहून बोर्डाच्या सवलतीचा अर्ज भरला. पालकाची सही मी केली. खाली विद्यार्थिनीची सही हवी होती. तिनं सावकाश, एकेक अक्षर सुटं ठेवून आपलं नाव लिहिलं. वर रेघ नाही. माझा हात पेन घेऊन तिथवर गेला. तिनं तो बघितला.

मी पेनाला टोपण लावलं आणि अर्ज तसाच खिडकीतून आत दिला.