हजाराचा आचारी अन् तीन वाट्या

आमच्या सौसरात कोणालेही विचारा, पंगतीचा आचारी कोण, तर माह्या भावाचंच नाव निघन. भाऊराव! जयंतीचं जेवण असो, नाही तर कोणाच्या पोरीचं लगन असो, इकडे पांढुर्ण्यापासून तिकडे बोरगावपर्यंत लोकं तारीख धरायच्या आधी त्याले विचारून जात. हजार माणसाचं वरण, हजार माणसाचा भात, अन् वांगे-आलूची अशी तर्रीदार भाजी का जेवणारा बोटं चाटत उठे. अन् हा स्वतः काय करे? काहीच नाही! स्टुलावर बसे, हातात लांब सराटा, म्हणजे तुमचं उलथनं, धरे, अन् नुसता वरडे. "अरे कांदा बारीक काप! ए, लाकूड मागे ओढ! मीठ टाक, अजून टाक, आता बस!" कापणारे वेगळे, जाळ लावणारे वेगळे, हलवणारे वेगळे. चाखून तर कधीच पाहत नव्हता. वाफ नाकाले लागली का तिथूनच सांगे, झालं म्हणून.

मी त्याची मोठी बहीण, इंदू. दोन घरं सोडून राहते. भाऊ अन् भावजय दोघंही मले बाई म्हणते. संत्र्याच्या बगिच्यात मजुरीले जाते, अन् तोंड माह्यं जरा तिखट आहे, हे आधीच सांगून ठेवते.

तर पंच्याऐंशी सालची गोष्ट. माह्या भावजयीले, कमलले, छिंदवाड्याहून नर्सबाईच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं! दहावी पास झालेली बाई, लगन झालं तशी तिची पुस्तकं पेटीत गेली ती तिथंच राहिली होती. आता दीड वर्ष तिथं होस्टेलात राहायचं, अन् मंग सरकारी नर्स! मी तर अंगणात नाचलीच, खोटं काऊन बोलू. पुढच्या वर्षी तिचं वय उलटत होतं. जायचं तर आत्ताच, नाही तर कधीच नाही.

पण घरी दोन पोट्टे. रजनी दहा वर्षाची, हेमंत सहाचा. त्याईले करून कोण घालन? मी म्हटलं, मी आहे ना. कमल म्हणे, "नाही बाई. तुम्ही पहाटे बगिच्यात जाता, संध्याकाळी कंबर धरून येता. तुमच्या जिवावर मी शिकणार नाही."

"मंग रजनी आहे ना," मी म्हटलं, "चांगली घोडी झाली आता."

तशी कमलची मान सर्रकन वर आली. "रजनी चुलीपाशी बसणार नाही. मी तिच्या वयाची होती तवापासून बसली. माह्या शिकण्यापायी तिची शाळा सुटली, तर मी शिकून काय करू?"

मी तर आठ वर्षाचीच बसली होती.

भाऊराव मिशीवर हात फिरवून राहिला होता. म्हणे, "अवं, हजार माणसाले जेवू घालतो मी! दोन पोट्टे म्हणजे काय चीज आहे? जा तू बिनधास्त!"

लगन झाल्यापासून त्या माणसानं घरची चूल एकदाही पेटवली नव्हती, हे कमलले माहीत होतं अन् मलेही. ती शांतपणे म्हणे, "पहिल्या ऐतवारी मी दुपारच्या छोट्या रेल्वेगाडीनं येते. पोट्टे घरचं जेवून सुखी दिसले तर परत जाईन. उपाशी दिसले, नाही तर रजनीच्या हाताले चटका दिसला, तर जाणार नाही. मंग कोणी मले समजवायचं नाही."

सोमवारी सकाळी ती पेटी घेऊन गाडीत बसली.

बाप्पा रे बाप्पा, ती सोमवारची संध्याकाळ! मी बगिच्यातून आली तर भावाच्या घरातून धूर निघून राहिला, अन् हेमंत दारात डोळे चोळत खोकलून राहिला. आत पाहते तर चुलीवर पंगतीचा गंज, हंड्याएवढं पातेलं!

"अरे, हे किती लोकाईचं वरण आहे?"

"तिघांचं," भाऊराव म्हणे.

"तिघांचं? याच्यात तिघं जण आंघोळ करन!"

तिखट त्यानं ओंजळीनं टाकलं होतं, कारण त्याच्या हाताले ओंजळच माहीत. रजनीनं एक घास खाल्ला अन् गिलासभर पाणी घटाघटा पिली. ते वरण मी आमच्या बकरीपुढे ठेवलं. तिनं वास घेतला अन् तोंड फिरवलं, सांगा आता!

मंगळवारी आमच्या आचारीसाहेबानं हिसाब लावला. हजाराले एवढी डाळ, एवढं मीठ, तर तिघाले किती? रजनीनं पाटीवर भागाकार करून दिला. भागाकार बरोबर आला, वरण नाही आलं. पंगतीच्या गंजात पाणी आटता आटत नाही, अन् घरच्या पातेल्यात पाठ फिरवली का आटते, हे पाटीवर कुठं येते? डाळ कच्ची, बूड काळं. अन् वरडायले कोणी नाही! "लाकूड मागे ओढ!" असा सवयीनं वरडला, इकडेतिकडे पाहिलं, अन् मंग स्वतःच उठून ओढलं. मी दारात हसून हसून लोटपोट झाली.

बुधवारी बसस्टँडवरचे आलूबोंडे आले. गुरुवारीही आलूबोंडे. हेमंतची तर चंगळच झाली, पण गुरुवारी तो शाळेतून पोट धरून आला अन् खाटेवर मुटकुळं करून पडला. तवा माह्यं हसू बंद झालं. ऐतवार पुढ्यात येऊन ठेपला होता, अन् त्या घरात पोट्ट्याईच्या पोटात घरचा एक धड घास गेला नव्हता.

मी गेली तणतणत. "भैताडा! बायकोची नोकरी तू त्या चुलीत घालून राहिला! झाली तितकी शोभा बस झाली. रजनीले मी दाखवून देते, दोन दिवसात शिकन. पोट्टी हुशार आहे. कमलले सांगायचंच नाही."

रजनीनं पुस्तक बाजूले ठेवलं. उठली, फ्रॉक खोचला, अन् कोनाड्यातून आगपेटी काढली.

"ठेव ती खाली!"

हजाराच्या पंगतीतही तो असा वरडला नसन. पोरीच्या हातातून आगपेटी पडली. भाऊराव चुलीपाशी फतकल मारून बसला, अन् त्याच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. "बाई," म्हणे, "मले वाटीभर भात शिकव."

माह्या रागाचं पाणी झालं. आमच्या घरचा राजा, अन् मांडी घालून माह्यापुढे बसला!

"पहिले तो गंज घराबाहेर काढ," मी म्हटलं. "अन् आपल्या हाताले विसर. तुह्या हातात अजून पंगत बसली आहे."

मंग मी फळीकडे बोट दाखवलं. तिथं घरच्या चौघांच्या चार वाट्या ओळीनं पालथ्या होत्या. हेमंतची लहान, रजनीची तिच्याहून थोडी मोठी, भाऊरावची खोल, अन् कमलची पितळी, काठाले चेमटलेली. मी त्याले सांगितलं, "ज्याले जेवायचं त्याच्या वाटीनं मोज. हेमंतच्या वाटीनं हेमंतचं, रजनीच्या वाटीनं रजनीचं, तुह्या वाटीनं तुहं. तांदूळ अन् डाळ मिळून वाट्या भर. जितक्या वाट्या खिचडी, त्याच्या तिप्पट पाणी. वाटीमागे एक चिमूट मीठ. जाळ बारीक. अन् मंग चाखून पाह्य."

"आचारी चाखत नाही, बाई."

"बाप चाखते," मी म्हटलं.

त्यानं तीन वाट्या काढल्या. जिऱ्याची फोडणी दिली, एक कांदा कापला. तोही रडत रडत, जन्मात पहिल्यांदा! हळद टाकली, तांदूळ-डाळ धुऊन टाकली, मोजून पाणी ओतलं, अन् पातेल्यापुढे असा बसला जसा काही चोर पळून जाईन. मी माह्या घरी गेली. जेवून अजून हात धुतले नव्हते, तर हा पातेलं घेऊन धावत आला माह्या दारात.

"बाई! संपली! एक शीत नाही उरलं! हेमंतनं दोनदा मागितली!"

आता समजून घ्या, हा माणूस पंगतीतला. पंगतीत चार घमेले उरले पाहिजे, नाही तर इज्जत जाते. अन् तोच माणूस रिकामं पातेलं मले उलटं करून दाखवून राहिला होता, अन् आनंदानं त्याचा श्वास पुरत नव्हता!

शुक्रवारी चून-भाकर. चून म्हणजे तुमचा झुणका. तेलात मोहरी, कांदा, लसूण, तिखट. मंग पाणी ओतून उकळी आणायची, अन् एका हातानं बेसन सोडत दुसऱ्या हातानं घोटत राहायचं. घोटणं त्यानं पंगतीत जन्मभर पाहिलं होतं, गाठ म्हणून नाही पडली. भाकर मात्र फाटली, सगळ्या बाजूनं. हेमंतनं तिचे तुकडे चुनात बुडवून खाल्ले, वरून म्हणे, उद्याही अशीच फाटकी कर. शनिवारी सकाळी फोडणीचा भात, संध्याकाळी पुन्हा खिचडी, वरून कच्चं तेल अन् जवसाची चटणी. दर खेपेले तीन वाट्या निघे, भरे, धुतल्या जाये, अन् फळीवर परत जाये. शनिवारी मी पाहिलं तर त्याचा हात आता वाटीकडे न पाहताच जात होता.

ऐतवार उजाडला. मी बगिच्यात गेलीच नाही. भाऊरावनं मले चुलीच्या जवळही येऊ दिलं नाही. भात, साधं वरण, वांगे-आलूची भाजी वरून बारीक सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, टाकून, अन् पोट्ट्याईच्या फरमाइशीवर थोडं चून. सगळं चाखून चाखून केलं. घरभर असा वास सुटला का मी दोनदा म्हटलं, "वा रे पठ्ठ्या!" तिकडे टेसनावर छोट्या गाडीची शिटी वाजली अन् मी दारात जाऊन उभी राहिली.

कमल आली. अन् तिच्या हातात पेटी!

जाताना नेली होती तीच. एका दिवसाले येणारी बाई पेटी घेऊन येते काय? "बाई," ती उंबरठ्यावरूनच म्हणे, "आलूबोंड्याची बातमी गाडीतल्या लोकाईच्या तोंडून छिंदवाड्यापर्यंत पोचली. मी वॉर्डनबाईले सांगून आली, संध्याकाळच्या गाडीनं परत नाही आली तर माह्यं नाव काढून टाका."

पेटी तिनं दारातच ठेवली. पहिले रजनीचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून पाहिले. कुठं चटका नव्हता. बोटाले निळी शाई होती. मंग हेमंतच्या पोटावर हात फिरवला. "बसा जेवायले," म्हणे, अन् पाय धुवायले मोरीवर गेली.

भाऊरावनं ताटं लावली. हेमंतले वाढलं, रजनीले वाढलं, अन् उरलेलं आपल्या ताटात घेतलं. सराट्यानं पातेलं खरवडलं. कमल पदराले हात पुसत आली अन् उभी राहिली. तीन ताटं भरलेली. पातेलं रिकामं. भाजीची कढई रिकामी.

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. तिची वाटी! काठाले चेमटलेली ती पितळी वाटी फळीवर पालथीच होती. तिच्यावर धूळ बसली होती.

"अरे कर्मा!" मी वरडलीच. "बायको येणार म्हणून सकाळपासून नाचून राहिला, अन् तिचंच मोजलं नाही? घराची मालकीण उपाशी ठेवली!"

भाऊरावच्या हातातला सराटा तसाच राहिला. चेहरा पांढरा फटक. "कमल," तो म्हणे, "मी आत्ता टाकतो, दहा मिन्टात टाकतो..."

कमलनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती फळीकडे पाहत होती. मंग हेमंतजवळ बसली अन् हळूच विचारलं, "बाबा कशानं मोजते रे?"

"माह्या वाटीनं, ताईच्या वाटीनं अन् बाबाच्या वाटीनं," हेमंत तोंडात घास धरूनच म्हणे. "रोज."

"रोज?"

"हाव. बाबा आता वाटीकडे पाहतही नाही."

कमल एकदम हसली. हसता हसता तिच्या डोळ्यातून पाणी गालावर आलं, ते तिनं पुसलंही नाही. भाऊरावच्या ताटातला वरण-भात तिनं कालवला, एक घास घेतला, मंग दुसरा. सावकाश खाल्ला. भाऊराव परीक्षेले बसलेल्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे पाहून राहिला होता.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणे.

मंग माह्याकडे वळली. "बाई, ती पेटी आत आणू नका. राहू द्या दारातच."

मले एक क्षण समजलंच नाही, अन् ती संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊन राहिली हे समजलं तशी मी पदर तोंडात कोंबला.

त्या दोघांनी एकाच ताटात अर्धं अर्धं पोट भरलं. दुपारभर पेटी उंबरठ्यावर होती, पोट्टे तिच्यावरून उड्या मारून राहिले होते. निघायच्या वेळी कमलनं फळीवरची आपली वाटी काढली, पदरानं पुसली, अन् पेटीत पुस्तकावर ठेवली.

टेसनावर आम्ही सगळेच गेलो. गाडी हलली तवा भाऊराव डब्यासोबत धावत सुटला, अन् सगळ्या फलाटाले ऐकू जाईन असा वरडला, "कमल! पुढच्या ऐतवारी वाटी घेऊन येजो! चार मोजीन, चार!"