नाकाची गोळी

नागपूरच्या तांडापेठेत नत्थूजी हेडाऊंची ओळख त्यांच्या करवती काठाच्या लुगड्यांमुळे होती. काठाला करवतीसारखे दात असतात, ते विणताना उभ्या धाग्यांचा ताणा सारखा सांभाळावा लागतो. नत्थूजींचा हात त्यात कधी चुकला नाही. बाजारात लुगडं घ्यायला आलेल्या बाया दुकानदाराला हेडाऊंच्या मागावरचं दाखव म्हणून सांगत. माणूस मात्र अगदीच मुका. साठी जवळ आली होती, पण आपलं काही दुखतं-खुपतं असं त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकलं नव्हतं. त्यांची बायको मनकर्णाबाई म्हणायची, यांना ताप आला की तो अंगाला हात लावूनच शोधावा लागतो.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसायचं, वरून सुताचे तंतू उडायचे, खालून गारवा चढायचा. त्यामुळे थंडीत नत्थूजींचं नाक चोंदणं नवीन नव्हतं. आल्याचा चहा आणि निलगिरीचं तेल यावर ते निभावून नेत. पण नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असतानाच्या त्या शेवटच्या हिवाळ्यांपैकी एकात सर्दी काही हटेना. तोंड उघडं ठेवून झोपावं लागे, घसा कोरडा पडे, आणि बोलले की आवाज मडक्यातून आल्यासारखा यायचा. नेमकी तेव्हाच धाकट्या गोपिकेला पाहायला उमरेडचे पाहुणे यायचे ठरले होते. पोरीच्या बापाने असं गेंगाण्या आवाजात बोलायचं कसं, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली.

शेजारी बाबनराव राहायचे. ते मिलमध्ये कामाला होते आणि त्यांना दमा होता. दम्यासाठी डॉक्टरांनी त्यांना छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. ती गोळी घेतली की छातीबरोबर नाकही मोकळं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलेलं. नत्थूजींचे हाल पाहून त्यांनी आपल्यातल्या काही गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून आणून दिल्या. सकाळी एक घ्या, लगेच फरक पडेल, असं सांगितलं. त्यात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं.

फरक लगेचच पडला. माग चालू असतानाच नत्थूजींच्या दोन्ही नाकपुड्यांतून थंड हवा आत गेली आणि कितीतरी दिवसांनी त्यांना सुताला लावलेल्या खळीचा वास आला. त्यांना इतकं बरं वाटलं की दुपारी नाक पुन्हा जड झालं तेव्हा त्यांनी दुसरी गोळी घेतली, आणि निजायच्या आधी आणखी एक. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. छातीत धडधड व्हायची, हाताला बारीक कंप सुटायचा. सकाळी मागावर बसले तर सूत तुटू लागलं. पाहुण्यांच्या काळजीने असं होतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. गोळीचा आणि त्या धडधडीचा संबंध असेल असं त्यांना वाटलंच नाही, कारण ती गोळी तर नाकाची होती.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. वर्षा-दोन वर्षांपासून त्यांना लघवीला वेळ लागायचा. रात्री उठावं लागे, परसात उभं राहावं लागे, धार बारीक असे. वयच झालं, असं म्हणून त्यांनी तो विषय मनातच बंद केला होता. गोळ्या सुरू झाल्यापासून हे वाढत गेलं. ज्या दिवशी पाहुणे यायचे त्या दिवशी पहाटे तर एक थेंबही आला नाही. तरी आवाज साफ राहावा म्हणून त्यांनी दोन गोळ्या एकदम घेतल्या आणि अंगात धुवट सदरा चढवला.

पाहुणे आले. मुलाचे वडील रुपराव निखारे हे उमरेडचे विणकरच, धिप्पाड आणि मोकळ्या स्वभावाचे. मुलगा आणि त्याची आत्या सोबत होते. सतरंजी अंथरली, पाणी झालं, पोहे झाले. नत्थूजींचा आवाज खणखणीत येत होता. पण त्यांना ओटीपोटात कुणी दगड बांधावा तसं वाटत होतं. चहाचा कप त्यांनी ओठाला लावून खाली ठेवला. उमरेडच्या सुताच्या भावाबद्दल रुपराव काहीतरी विचारत होते आणि नत्थूजी नुसती मान हलवत होते. दोनदा ते उठून परसात गेले. कुडाला हात टेकून उभे राहिले, पोट दाबलं, काही झालं नाही. परत येऊन बसले तेव्हा थंडीच्या दिवसात त्यांच्या कपाळावर घाम होता.

मनकर्णाबाईने दारातून खूण करून विचारलं. त्यांनी हातानेच काही नाही म्हटलं. आतल्या खोलीत गोपिका नवं लुगडं नेसून तयार होती. तिला बाहेर बोलवायची वेळ झाली होती आणि बाप तिसऱ्यांदा उठून गेला.

या वेळी त्यांच्या मागोमाग रुपरावही परसात आले. नत्थूजी कुडाला कपाळ टेकून उभे होते. रुपराव जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "लघवी अडकून राहिली ना? लाजू नका. माह्यंही असंच झालतं."

नत्थूजी मान खाली घालूनच म्हणाले, "पोरीले पाहून घ्या आधी. मंग जाऊ."

"पोरगी कुठी पळून नाई चालली. तुम्ही चाला."

रुपरावांनी आत येऊन मनकर्णाबाईला सांगितलं तेव्हा ती बावरली. पाहुणे घरात, पोरगी सजून बसलेली, असं उठून कसं जायचं, लोक काय म्हणतील, हे सगळं तिच्या डोळ्यांत दिसलं. तेवढ्यात गोपिकाच बाहेर आली. पाहण्याचा मुहूर्त वगैरे तिने काही मनात धरलं नाही. नव्या लुगड्याचा पदर खोचून ती चौकात गेली आणि टांगा घेऊन आली. अशा रीतीने मुलाकडच्यांनी मुलीला पाहिलं ते टांगेवाल्याला घाई करताना.

टांग्यात रुपराव एका बाजूला, मनकर्णाबाई दुसऱ्या बाजूला. दगडी रस्त्यावर चाक उसळलं की नत्थूजींच्या तोंडून बारीक आवाज निघे. पोट इतकं फुगलं होतं की धोतराची गाठ सैल करावी लागली. मनकर्णाबाईने त्यांचा हात धरला होता. लग्न झाल्यापासून उघड्या रस्त्यावर तिने असं कधी केलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर खानझोडे होते. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. आधी कधी त्रास होता का, विचारलं. नत्थूजींनी बायकोकडे पाहिलं आणि होता असं कबूल केलं. काही औषध चालू आहे का, असं विचारल्यावर मात्र ते नाही म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. डॉक्टर लघवीबद्दल विचारत होते आणि लघवीसाठी त्यांनी कुठलंच औषध घेतलेलं नव्हतं.

रक्तदाब मोजला तर पारा इतका वर गेला की डॉक्टरांनी पट्टी सोडून दुसऱ्या दंडाला बांधली. तिथेही तेच. मग रबराची नळी घालायचा प्रयत्न झाला. ती आत जाऊन अडली. नत्थूजींनी दात आवळून खाटेची कड पकडली. डॉक्टरांनी नळी काढून घेतली, थोडं थांबले, आणि नर्सबाईंना दुसरी, टोकाला वाकलेली नळी आणायला सांगितलं. बाहेर येऊन त्यांनी मनकर्णाबाईला समजावलं की हीसुद्धा गेली नाही तर पोटातून सुई घालून लघवी काढावी लागेल. ती भिंतीला टेकून बसली. रुपराव तिच्यापासून थोड्या अंतरावर उभे राहिले आणि आपल्यालाही नळी घातली होती, आपण आज धडधाकट आहोत, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

दुसरी नळी गेली. भांडं भरलं, ते बदलून दुसरं लावलं. नत्थूजींचं पोट हळूहळू खाली बसलं. त्यांनी डोळे मिटले आणि इतका वेळ अडवून धरलेला श्वास सोडला. मनकर्णाबाईला आत बोलावलं तेव्हा ते शांत पडून होते.

पण हा प्रकार एकाएकी कशाने झाला, हे डॉक्टरांना कळत नव्हतं, आणि रक्तदाब अजून उतरला नव्हता. संध्याकाळ होत आली तशी नत्थूजींना सर्दी पुन्हा जाणवू लागली. पडल्यापडल्या नाक बंद झालं. त्यांनी मनकर्णाबाईकडे पाणी मागितलं, सदऱ्याच्या खिशातली पुडी काढली आणि एक गोळी तोंडाजवळ नेली. नर्सबाई पुष्पलता खाटेजवळूनच चालल्या होत्या. त्यांनी नत्थूजींचं मनगट धरलं.

"हे काय घेऊन राहिले?"

"नाकाची गोळी हाये," नत्थूजी म्हणाले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना अजूनही वाटत नव्हतं.

पुष्पलताबाईंनी पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवली. गोळी कुणाची, कशासाठी, किती घेतल्या, हे विचारल्यावर मनकर्णाबाईने बाबनरावांचं नाव सांगितलं, त्यांच्या दम्याचं सांगितलं. डॉक्टरांनी गोळी ओळखली. ते इफेड्रीन होतं.

खाटेच्या कडेला बसून त्यांनी सावकाश समजावलं. "ही गोळी वाईट नाही. बाबनरावांना ती तपासून दिलेली आहे. पण पोटात गेलेली गोळी फक्त नाकात जात नाही, रक्तातून सगळ्या अंगात फिरते. नाकातल्या सुजलेल्या शिरा आकसतात म्हणून नाक उघडतं. तशाच दुसऱ्या शिराही आकसतात आणि रक्तदाब चढतो. मूत्राशयाचं तोंडही आवळलं जातं. तुमची तिथली प्रोस्टेट नावाची गाठ आधीच वाढलेली आहे. त्यात तुम्ही गोळ्या वाढवल्या."

मग आत्ता ही गोळी घेतली असती तर, असं मनकर्णाबाईने विचारलं. नळी असल्यामुळे लघवी अडली नसती, पण या रक्तदाबावर आणखी एक गोळी म्हणजे डोक्यातली शीर फुटायचा धोका होता, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "वर्षापासून लघवीचा तरास हाये आन् मले सांगितलं नाई. काहून?"



दुसऱ्या दिवशी बाबनराव आले ते दारातच थांबले. रात्रभर झोपले नव्हते हे चेहऱ्यावरून कळत होतं. नत्थूजींनी त्यांना जवळ बोलावून बसायला सांगितलं. तुम्ही एक घ्या म्हटलं होतं, मी किती घेतल्या हे मला ठाऊक आहे, असं ते म्हणाले. बाबनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर त्यांनी आपलं औषध कुणाला दिलं नाही. कुणी मागितलंच तर ते त्याला स्वतः सोबत घेऊन दवाखान्यात जायचे.

गोळ्या बंद झाल्या, रक्तदाब बराचसा उतरला, आणि नळी काढायचा दिवस आला. लघवी आपोआप झाली नाही तर नळी पुन्हा घालायची होती. नत्थूजी वॉर्डाच्या टोकाला मोरीत गेले. मनकर्णाबाई बाहेर उभी. पाण्याचा नळ कुठेतरी ठिबकत होता, त्याचाच आवाज येत होता. तिने एकदा हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. बऱ्याच वेळाने ते भिंतीचा आधार घेत बाहेर आले. त्यांनी नुसती होकाराची मान हलवली. तिने तिथेच हात जोडले.

गोपिकेचं लग्न त्या घरी जमलं नाही. रुपरावांच्या मुलाच्या मनात दुसरंच होतं, आणि गोपिकेलाही पुढे शिकून मास्तरीण व्हायचं होतं. ती झालीही. पण रुपराव नागपुरात आले की तांडापेठेत जेवल्याशिवाय परत जात नसत. त्यांच्याच आग्रहाने पुढे नत्थूजींनी त्या गाठीचं ऑपरेशन करून घेतलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना पुन्हा सर्दी झाली. पातेल्यात उकळतं पाणी घेऊन, डोक्यावरून चादर ओढून ते वाफ घ्यायचे, मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचे, रात्री उशी उंच करून निजायचे. तरीही छातीत कफ झाला म्हणून मनकर्णाबाई त्यांना पेठेतल्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डॉक्टर नवीन होते. बाकावर बायाबापड्या बसल्या होत्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि लिहायला घेतलं. कधी कुणापुढे आपलं दुखणं न काढणारे नत्थूजी तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लिहायच्या आधी ऐकून घ्या डॉक्टरसाहेब. मले ब्लडप्रेशर हाये. अन् लघवी अडकली होती, तिचं ऑपरेशन झालेलं हाये."

बाकावरच्या दोन बायांनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मनकर्णाबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरांनी मात्र लिहिलेलं गोळीचं नाव खोडलं आणि खुर्ची पुढे ओढून नत्थूजींना आणखी विचारायला सुरुवात केली.