सुमनताईंचं कार्ड खराब नव्हतं

शिरूरच्या ऑफिसात पॅन्ट्रीच्या दारावर जो लाल दिवा लागायचा, तो मी लावलेला होता. हे आधी सांगतो. नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुम्हाला माझी कीव येईल, आणि ती मला नको आहे.

उन्हाळ्याची दुपार होती. सुमनताई रिकामी बाटली घेऊन दारापुढं उभ्या होत्या. आमच्याकडं झाडलोट करायच्या. गळ्यातलं कार्ड त्यांनी मशीनला लावलं. लाल. टूं टूं. पुन्हा लावलं. लाल. मागं दोन पोरं कॉफीचे मग घेऊन खोळंबली होती.

त्यातला एक म्हणाला, "मावशी, सरका की. तुमचं न्हाई उघडणार ते."

दुसरा हसला. "मावशी, रिचार्ज संपला वाटतं!"

सुमनताईही हसल्या. ओशाळून. म्हणाल्या, "कार्ड खराब झालं असंल." पोरानं आपलं कार्ड लावलं. हिरवा. दार उघडलं, पोरं आत गेली, दार बंद झालं. सुमनताई बाहेरच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कॉम्प्युटरकडं पाहिलं.

बाटली घेऊन त्या बाथरूमच्या नळाकडं गेल्या.

आमचं ऑफिस म्हणजे हायवेलगतचा एक मोठा एसी हॉल. वेगवेगळ्या कंपन्यांची पोरं तिथं खुर्ची भाड्यानं घेऊन काम करतात. मालकांची बागायती मोठी, राजकारणात वजन. वयानं माझ्याहून लहान, पण सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणायचो. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत मी बरीच वर्षं टाइम ऑफिसला होतो. कोणाचा गेट पास, कोण कुठल्या शेडमध्ये जाणार, ते सांभाळायचो. कंपनीनं कमी केलं तेव्हा दादांनी बोलावलं. कॉम्प्युटरमधलं सगळं माझ्या हातात दिलं.

काम सोपं होतं. सॉफ्टवेअरमध्ये आधी जागा मांडायची. जागेच्या आत दारं. मग प्रत्येक माणसाचं खातं. ते खातं ज्या गटात टाकाल, त्या गटाची दारं त्याच्या कार्डाला उघडतात. मेंबर, पाहुणे, स्टाफ, असे तीन गट होते. सुमनताई स्टाफमध्ये होत्या. मीही.

एक दिवस दादांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "साहेब, त्या पुण्याच्या कंपनीवाल्यांचं म्हणणं आहे, बाया पॅन्ट्रीत बसून डबा खातात. त्याच फ्रिजला, त्याच कूलरला हात लावतात. आपल्याला काही नाही हो. आपण मानत पण नाही. पण क्लायंट आहेत. कोणाला बोलायचं नाही. सिस्टिममध्येच करा काहीतरी."

जातीचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. झाडायला येणाऱ्या तिघी एकाच वस्तीतल्या होत्या. आणि मी कोण आहे, हे दादांना पक्कं ठाऊक होतं. शिरूर तालुक्यात आडनाव लपतं, गाव लपत नाही.

मी चौथा गट केला. नाव दिलं सपोर्ट. तिघींची खाती त्यात टाकली. पॅन्ट्रीचं दार त्यांना फक्त सकाळी, मेंबर यायच्या आधी उघडायचं. म्हणजे कप धुवायला, फ्रिज पुसायला, कूलर भरायला. मग दिवसभर बंद. कूलर भरायला दार उघडं. त्यातलं पाणी प्यायला बंद. हे मी केलं. माऊसनं. दादा म्हणाले, "वा, साहेब. भांडण नाही, तंटा नाही."

मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

केंदूरच्या बाजूला आमची वस्ती होती. मी लहान असताना आईबरोबर दळण घेऊन जायचो. डबे रांगेत असायचे. आमचा डबा पुढं आला की गिरणीवाला पायानं तो मागं सारायचा. कधी तेवढंही नाही. नुसतं म्हणायचा, "पट्टा घसरलाय. सांच्याला ये." आम्ही निघायचो. ओढा ओलांडायच्या आत मागं गिरणीचा आवाज सुरू व्हायचा.

मी म्हणायचो, "आई, चालू झाली की गं."

आई मागं वळायची नाही. "बसला असंल पट्टा. परत घसरंल. चल."

तिला कळत नव्हतं असं नाही. मला कळू नये म्हणून ती बोलायची. मी मोठा झालो, शिकलो, तेव्हा ठरवलं की यंत्राच्या या बाजूला उभं राहायचं. जिथं पट्टा आपल्या हातात असतो. मी उभा राहिलो. आणि बघा काय केलं.

त्या रिकाम्या बाटलीच्या दुपारनंतर, दुसऱ्या दिवशी, सुमनताई टेबलापाशी आल्या. "साहेब, येवढं कार्ड बदलून द्या की. लाल पेटतंय सारखं."

मी म्हणालो, "नवीन मागवलंय."

नवीन कार्ड दिलं. कोरं, चकचकीत. त्याच गटातलं. तेही लाल पेटलं. मग त्यांनी एक सवय लावून घेतली. दारापाशी आल्या की कार्ड पदरानं पुसायच्या. नीट, दोन्ही बाजूंनी. वर तोंडाची वाफ घालून पुन्हा पुसायच्या. मग मशीनला लावायच्या. रोज. मी माझ्या जागेवरून बघायचो.

त्यांनी एकदा मला विचारलं होतं, "साहेब, तुम्ही केंदूरकडचं ना? आमच्या आत्याबाई तिकडं दिल्यात." मी म्हणालो, "नाही हो, पुण्याचा." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. तिघी आता मागच्या जिन्यात डबा खायच्या. मेंबर पॅन्ट्रीत. माझं कार्ड दोन्हीकडं चालायचं आणि मी कुठंच जायचो नाही. टेबलावर एकटाच डबा उघडायचो. घरीही ताट एकच. बायको जाऊन काही वर्षं झालीत. मुलगी सासरी. दिवसातून माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे चहावाला, आणि त्याला घाई असायची.

मग दादांनी दौंडला दुसरं ऑफिस काढलं. स्टेशनजवळ. नवी जागा मांडताना सॉफ्टवेअर विचारतं, जुन्या जागेसारखंच करायचं का? मी हो म्हणालो. शिरूरचं बंद दार एका क्लिकवर दौंडला गेलं. तिथल्या बायांना मी अजून पाहिलंही नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून मी कार्डं वाटत होतो, दारं तपासत होतो. दुपारी आत जेवणं सुरू झाली. पाण्यासाठी मी पॅन्ट्रीच्या दाराला कार्ड लावलं.

लाल.

पुन्हा लावलं. लाल. आणि मी कार्ड शर्टाला पुसलं. खरंच पुसलं. ही सारी सिस्टिम मी बांधलेली, आणि मी कार्ड पुसत होतो.

काचेपलीकडं पाहुण्यांच्या हातात ताटं होती. शेजारी नवा मेंबर झालेला कुरकुंभचा एक पोरगा उभा होता. त्यानं विचारलं, "काय झालं, काका?"

माझ्या तोंडून निघालं, "कार्ड खराब असेल."

दादा बाहेर आले. खांद्यावर हात ठेवला. शिरूरला साहेब म्हणणारे दादा मोठ्यानं म्हणाले, "मामा, आज पाहुणे आहेत आत. तुमचं ताट खाली वॉचमनकडं लावायला सांगितलंय."

"दादा, माझं कार्ड..."

"सिस्टिम नवी आहे हो. होतं असं."

मी खाली गेलो. जेवलो नाही. मोबाइलवर सॉफ्टवेअर उघडलं. दादांचं खातं माझ्या वरचं, त्यांना कोणालाही कुठल्याही गटात हलवता यायचं. दौंडच्या सपोर्ट गटात दोन बायांची नावं, त्याखाली माझं. मी केलेला गट. मी दिलेलं नाव.

परत निघालो. चौफुल्यावरून न्हावरा, न्हावऱ्यावरून शिरूर. मोटरसायकलवर एकटाच. दोन्ही बाजूंना ऊस. डोक्यात एकच वाक्य. कार्ड खराब असेल. हे माझं वाक्य नव्हतं. सुमनताईंचं होतं. त्यांच्या आधी आईचं. आईनं ते माझ्यासाठी म्हटलं होतं, मला झाकायला. मी ते दादांसाठी म्हटलं.

सकाळी शिरूरचा हॉल भरेपर्यंत थांबलो. मग कॉम्प्युटर उघडला. सपोर्ट गटातल्या सगळ्यांना स्टाफमध्ये घेतलं. शिरूरच्या तिघींना, दौंडच्या दोघींना, मला. गट रिकामा झाला. तो पुसून टाकला. लगेच दादांचा फोन आला.

"कोणाला विचारून केलंत?"

"तुम्ही मला दौंडला कोणाला विचारून हलवलंत, दादा?"

"तुम्हाला साहेब केलं ते चुकलंच. शेवटी दाखवली ना जात."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो शब्द बोलला गेला. मला हलकं वाटलं. मी म्हणालो, "दाखवली. आता लपवायची नाही."

फोन बंद. माझ्यासमोर स्क्रीन पांढरी झाली. खातं बंद केलं होतं. पासवर्ड चालेना. दादा तिकडं बसून दार पुन्हा बंद करणार, हे दिसत होतं. मी उठलो. कार्ड लावलं. अजून हिरवा होता. आतून पाण्याचा भरलेला जार ओढत आणला आणि दाराच्या फटीत आडवा घातला. दार उघडं राहिलं की मशीन ओरडतं. ते ओरडायला लागलं. सगळा हॉल माना वर करून बघायला लागला.

सुमनताई जिन्यातून धावत आल्या. "काय झालं, साहेब? बिघडलं का?"

"बिघडलं नाही. कधीच बिघडलं नव्हतं."

त्यांना कळेना. मी सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर. दादा काय म्हणाले, मी काय केलं, नवं कार्ड कोणत्या गटातलं होतं.

त्यांनी गळ्यातलं कार्ड हातात धरलं. त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "मंग मी रोज पुसत काय व्हते?"

मी माझ्या टेबलाकडं बघितलं.

"आन् तुम्ही तिथं बसून बघत व्हता."

"व्हय."

कार्ड काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. जार ओलांडून आत गेल्या. बाटली कूलरखाली धरली. घाई केली नाही. बाटली काठोकाठ भरली. तिथंच उभ्या राहून प्यायल्या.

मशीन ओरडत होतं. कोणीतरी म्हणालं, "काका, बंद करा ना तो आवाज." मी जार हलवला नाही. आता हलवणारही नाही. दादांनी माणसं पाठवली तर त्यांना आधी मला हलवावं लागेल.

सुमनताई तोंड पुसत बाहेर आल्या तेव्हा मी दारातच उभा होतो. म्हणालो, "मी पुण्याचा नाही, सुमनताई. केंदूरकडचाच आहे. तुमचं कार्ड चांगलं होतं. दार मी बंद केलं होतं. मशीननं नाही, मी. माफी मागतो."